निबंध कोणी लिहिला? फोंड्यातल्या एका स्पर्धेतला एआय डिटेक्टरचा पेच

पार्श्वभूमी

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली एक जुनी वाचनालय-संस्था दरवर्षी हायर सेकंडरीच्या विद्यार्थ्यांसाठी मराठी निबंधस्पर्धा घेते. (ओळख पटू नये म्हणून व्यक्ती, ठिकाणं आणि काही तपशील इथे बदलले आहेत.) त्या वर्षीचा विषय होता ‘खाणी थांबल्यावर माझा गाव’. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतल्या मुलांना हा विषय पुस्तकात शोधावा लागत नाही. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून काम पुन्हा ठप्प झालं. दारात उभा राहिलेला ट्रक, बँकेचे हप्ते, शेतात उतरलेली लाल माती हे त्या मुलांच्या घरातलंच बोलणं आहे.

निबंध ८०० ते १००० शब्दांचा, युनिकोडमध्ये टाइप करून ईमेलने पाठवायचा होता. परीक्षक दोन, दोघेही निवृत्त शिक्षक. नियमावलीत शब्दमर्यादा, मुदत, वयोगट सगळं होतं. एआयबद्दल एक ओळही नव्हती.

अडचण

पहिला क्रमांक डिचोली तालुक्यातल्या एका बारावीच्या विद्यार्थिनीला जात होता. निकाल जाहीर व्हायच्या आधी एका परीक्षकांना तिची भाषा ‘फारच घोटीव’ वाटली. मजकूर एआयने लिहिला का ते सांगणाऱ्या, इंटरनेटवरच्या तीन मोफत साधनांत (एआय डिटेक्टरांत) त्यांनी निबंध चिकटवला. एआयने लिहिल्याची शक्यता अनुक्रमे ९२, ७८ आणि ६४ टक्के आली. तिन्ही स्क्रीनशॉट कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले. संध्याकाळपर्यंत एका सदस्यांनी तिच्या हायर सेकंडरीतल्या शिक्षिकेला फोनही केला. मुलीचं उत्तर एवढंच होतं: ‘‘बाई, मी तो वहीत लिहिलाय. वही आणून दाखवते.’’

बक्षीस समारंभाला दहा दिवस उरले होते, निमंत्रणपत्रिका छापून आल्या होत्या.

दुसऱ्या परीक्षकांनी आपल्या परीने आणखी दोन वाटा चोखाळल्या. निबंध चॅटबॉटला देऊन ‘हा तू लिहिलास का?’ असं विचारलं. तो ‘हो’ म्हणाला. मग ‘नीट बघ, हा एका विद्यार्थिनीने लिहिलाय ना?’ असं विचारताच तो ‘बरोबर आहे’ म्हणाला. चॅटबॉटकडे आपण कुणाकुणाला काय लिहून दिलं याची वही नसते. प्रश्नाच्या रोखाला साजेसं उत्तर तो जुळवतो. मे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये एका प्राध्यापकाने याच पद्धतीने वर्गातल्या विद्यार्थ्यांवर ठपका ठेवला होता आणि ते प्रकरण जगभर गाजलं, तरी हा प्रयोग लोक अजून करतात. दुसरी वाट अधिक फसवी. साधन इंग्रजीत चांगलं चालतं असं वाचून त्यांनी निबंधाचं यंत्राकडून इंग्रजी भाषांतर करून घेतलं आणि ते तपासलं. आकडा ९७ टक्के आला. पण तपासलं गेलं ते यंत्राने केलेलं भाषांतर. त्यातला एकही शब्द त्या मुलीने निवडलेला नव्हता. १४ साधनांची एक युरोपीय चाचणी २०२३ मध्ये झाली. तीत माणसाने दुसऱ्या भाषेत लिहून यंत्राने इंग्रजीत आणलेले मजकूरही होते आणि तिथे साधनं जास्त चुकली. एकूण चाचणीत १४ पैकी एकाही साधनाची अचूकता ८० टक्क्यांपर्यंत पोचली नाही.

साधनं नेमकं काय मोजतात

यातली बहुतेक साधनं मुळात एकच गोष्ट पाहतात: पुढचा शब्द किती अपेक्षित आहे. एक भाषामॉडेल मजकूर वाचत जातं आणि प्रत्येक शब्दाआधी पुढे काय येईल याचा अंदाज बांधतं. अंदाज सारखा बरोबर आला तर मजकुराची ‘पर्प्लेक्सिटी’ कमी, सारखा चुकला तर जास्त. जोडीला ही अनपेक्षितता वाक्यागणिक किती चढते-उतरते तेही मोजतात. त्याला ‘बर्स्टीनेस’ म्हणतात. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या जीपीटीझीरोने ही दोन मापं सर्वांना माहीत करून दिली. नंतरच्या साधनांनी माणसांच्या आणि यंत्राच्या मजकुरावर शिकवलेली वर्गीकरण-मॉडेल जोडली. पण मजकूर सरळ, सपाट आणि अपेक्षित असला की यंत्राचा संशय घ्यायचा, हा कल कायम राहिला.

म्हणजे साधन लेखक ओळखत नाही, साचा ओळखतं. आणि साच्यात माणसंही लिहितात.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध सात साधनांवर चालवून पाहिले. सगळे माणसांनीच लिहिलेले, पण इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी. सरासरी ६१ टक्क्यांहून जास्त निबंधांवर एआयचा शिक्का बसला. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे सुटले. परकी भाषा शिकलेला माणूस खात्रीचे शब्द आणि पाठ झालेल्या रचना वापरतो, म्हणून अंदाज बरोबर येतात आणि म्हणून तो अडकतो.

हे इंग्रजीबद्दलचे आकडे आहेत, ते मराठीला लावता येणार नाहीत. कारण मात्र गोव्यात घरोघर सापडतं. घरात कोंकणी, सरकारी प्राथमिक शाळा मराठी माध्यमाची, पाचवीपासून बाकीचे विषय इंग्रजीत आणि मराठी एका तासापुरती. अशा मुलाची लेखी मराठी पाठ्यपुस्तकातून आणि निबंधाच्या आदर्श नमुन्यांतून येते. ‘आजच्या विज्ञानयुगात’, ‘नाण्याला दोन बाजू असतात’, ‘काळाची गरज आहे’ ही वाक्यं त्याला शिक्षकांनीच शिकवलेली असतात आणि त्यांवर गुणही मिळालेले असतात. साधन त्यालाच यंत्र ठरवतं.

देवनागरीमुळे आणखी एक घोळ होतो, आणि तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. मोफत साधनांना अक्षरमर्यादा असते. तेवढा मजकूर वाचून साधन उरलेला सोडून देतं किंवा पैसे मागतं. ‘विद्यार्थ्यांनी’ या शब्दात वाचणाऱ्याला चार अक्षरं दिसतात. संगणक काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार वेगळे धरून पंधरा मोजतो. त्यामुळे मर्यादा मराठीत लवकर संपते. या प्रकरणातल्या एका साधनाने निबंधाचा पहिला तिसरा हिस्साच वाचला होता आणि तसं बारीक टाइपात खाली लिहिलंही होतं. शाळकरी निबंधाची प्रस्तावना हाच त्याचा सगळ्यात साचेबद्ध भाग. ६४ टक्क्यांचा आकडा त्या प्रस्तावनेचा होता. बापाच्या ट्रकची कहाणी दुसऱ्या पानावर सुरू होत होती आणि तिथपर्यंत साधन पोचलंच नव्हतं.

टक्केवारीचा अर्थही तिन्हीकडे वेगळा होता. एका ठिकाणी तो साधनाच्या स्वतःच्या खात्रीचा आकडा होता, दुसरीकडे ‘एआय वाटलेल्या’ वाक्यांचं प्रमाण, तिसरीकडे काहीच स्पष्टीकरण नव्हतं. कार्यकारिणीतल्या एका सदस्यांनी तिन्हींची सरासरी ७८ काढली. ती मीटर, लिटर आणि किलोची बेरीज होती.

समोरचे पर्याय

निबंध बाद करायचा, हा सर्वात सोपा पर्याय. त्याच्या बाजूने एकच युक्तिवाद होता: तीन साधनं एकच सांगतायत, सगळी कशी चुकतील? पण तिघंही एकच माप लावत असतील, तर ते तीन स्वतंत्र साक्षीदार नसतात. स्टॅनफर्डच्या त्याच अभ्यासात ९१ पैकी १८ निबंधांवर सातही साधनांनी एकमताने एआयचा शिक्का मारला होता आणि ते अठराच्या अठरा माणसांचे होते. शिवाय नियमावलीत मनाईच नव्हती. न लिहिलेल्या नियमावरून बाद केलं असतं तर पालकांच्या पहिल्याच प्रश्नाला संस्थेकडे उत्तर नव्हतं.

कार्यवाहांनी या टप्प्यावर एक हिशेब मांडला आणि सभेचा सूर त्यानेच बदलला. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं मोफत ओळख-साधन आणलं होतं. कंपनीच्याच सांगण्यानुसार ते इंग्रजीतल्या एआय-मजकुरापैकी २६ टक्के बरोबर पकडायचं आणि माणसांच्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर चुकीचा शिक्का मारायचं. आता समजा, १०० निबंध आले आणि त्यांतले १० एआयचे आहेत. पकडले जाणार जेमतेम तीन. उरलेल्या ९० प्रामाणिक मुलांपैकी मात्र आठजण अडकणार. म्हणजे शिक्का बसलेल्या अकराजणांत आठ निर्दोष. कंपनीने ते साधन कमी अचूकतेचं कारण देऊन जुलै २०२३ मध्ये बंद केलं. आजची साधनं त्याहून बरी आहेत, पण हिशेबाची पद्धत तीच राहते: कॉपी करणारे थोडे आणि प्रामाणिक पुष्कळ असतील, तर छोटा चूक-दरही प्रामाणिकांवरच जास्त कोसळतो.

पैसे भरून चांगलं साधन घ्यावं, असं एका सदस्यांचं मत होतं. टर्निटिनसारखं सशुल्क साधन ३०० शब्दांहून छोटा मजकूर घेत नाही आणि २० टक्क्यांखालचा आकडा दाखवत नाही, कारण तिथे चुका वाढतात. ही सावधगिरी मोफत साधनांत सहसा नसते. तरीही अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनची एआय ओळखायची सोय बंद केली. तिथला हिशेब असा की वर्षाला ७५,००० पेपर तपासले, तर १ टक्का चूक धरूनही ७५० पेपरांवर खोटा आळ येतो. आणि मराठीच्या बाबतीत पैसे देऊन अचूकता मिळेल याला काहीच आधार नव्हता.

काहीच न करणं हाही पर्याय होता. पण शिक्षिकेला फोन जाऊन चुकला होता. गप्प बसल्याने संशय तसाच मुलीच्या अंगावर राहिला असता.

उरला शेवटचा मार्ग: निबंध कसा तयार झाला ते पाहणं. तो वेळखाऊ होता, आणि तोच निवडला गेला.

केलेली कार्यवाही

आधी ग्रुपवरचे स्क्रीनशॉट काढून टाकले. त्यांत मुलीचं नाव आणि संस्थेचं नाव दिसत होतं, कारण परीक्षकांनी निबंध वरच्या माहितीसकट चिकटवला होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे. अशा मुलीची माहिती आणि अप्रकाशित लेखन एखाद्या अनोळखी संकेतस्थळावर टाकणं हा स्वतंत्र प्रमाद होता, निकाल काहीही लागो.

मग साधनांचीच परीक्षा घेतली. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. त्याआधीचे निबंध नि:संशय माणसांचे. संस्थेच्या जुन्या वार्षिकांकांतून असे दहा निबंध काढले. इथे एक तांत्रिक अडथळा आला. जुन्या अंकांच्या फायली श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये होत्या. पीडीएफमधून कॉपी केल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी आली. ती तशीच साधनात टाकल्यावर ‘१०० टक्के मानवी’ असा निकाल मिळाला. अर्थहीन अक्षरांचा अंदाज कोणत्याही मॉडेलला बांधता येत नाही, म्हणून पर्प्लेक्सिटी प्रचंड, म्हणून मानवी. हे वेळीच लक्षात आलं नसतं तर जुने निबंध सगळे निर्दोष सुटले, अशी उलटी समजूत झाली असती. मजकूर युनिकोडमध्ये बदलून, रफार आणि जोडाक्षरं हाताने सुधारून मगच चाचणी केली.

त्याच विषयावर चॅटबॉटकडून दहा निबंध लिहून घेतले. पाच साधी सूचना देऊन, पाच ‘बारावीतल्या मुलासारखं लिही, वाक्यं लहान-मोठी ठेव, एखाददुसरी चूक राहू दे’ असं सांगून. वीसही निबंध सारख्या लांबीचे केले, अक्षरमर्यादेत बसतील असे तुकडे पाडले आणि नावांऐवजी क्रमांक दिले. पहिल्या साधनाने जुन्या दहापैकी चार एआयचे ठरवले. साध्या सूचनेचे पाचही पकडले, पण ‘मुलासारखं लिही’ म्हटलेल्यांपैकी एकच. दुसरं साधन जवळपास प्रत्येक मराठी मजकुराला ६० ते ८० च्या मध्ये आकडा देत होतं, म्हणजे ते काहीच वेगळं करत नव्हतं. तिसऱ्यावर तोच निबंध दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवला तर आकडा बदलला. वीस निबंधांवरून त्या साधनांचा सर्वसाधारण दर्जा ठरत नाही. पण याच स्पर्धेत, याच भाषेत त्यांवर विसंबायचं का, एवढ्याचं उत्तर मिळालं.

तिसरं काम वहीचं. मुलगी शिक्षिकेसोबत वही घेऊन आली. निबंध तिच्या अक्षरात होता, दोन मसुदे, खाडाखोड, एक अख्खा परिच्छेद काट मारलेला. मात्र वही आणि ईमेलचा निबंध शेजारी ठेवल्यावर वेगळीच गोष्ट पुढे आली. वहीत ‘आमच्या बांयचं पाणी पावसात तांबडं व्हायचं, आजी ते गाळून घागरीत ओतायची’ असं होतं. ईमेलच्या प्रतीत ‘पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ होत असे, ही चिंतेची बाब होती’. डंपवरून (खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगावरून) घसरून येणाऱ्या मातीचं वर्णन ‘पर्यावरणाचा ऱ्हास’ झालं होतं.

उलगडा झेरॉक्सच्या दुकानात झाला. घरी संगणक नव्हता, म्हणून तिने वहीची पानं तिथे टाइप करायला दिली होती. टाइप करणाऱ्या मुलाने पानांचे फोटो चॅटबॉटला देऊन मजकूर उतरवून घेतला आणि ‘शुद्धलेखन सुधार’ अशी सूचना दिली. त्यात त्याला काही गैर वाटलं नव्हतं. चॅटबॉटने शुद्धलेखनाबरोबर वाक्यंही बदलली आणि मुलीने ईमेल करण्याआधी फक्त आपलं नाव बरोबर आहे ना ते पाहिलं.

म्हणजे मजकुरावर यंत्राचा हात होता आणि निबंध मुलीचाच होता. दोन्ही खरं. कुठल्याही साधनाच्या टक्केवारीतून हे कळणं शक्य नव्हतं, कारण कुणाचा विचार आणि कुणाची वाक्यरचना, हा भेद ती मोजतच नाहीत.

चौथं, पहिल्या सहाही स्पर्धकांना पंधरा मिनिटांच्या गप्पांना बोलावलं. एकटीलाच बोलावलं असतं तर ती चौकशी झाली असती. प्रश्न साधे ठेवले: हा प्रसंग कुठला, हे वाक्य का काढलं, अजून काय लिहायचं राहिलं. डिचोलीच्या मुलीने ट्रकच्या हप्त्याची रक्कम, जेटीवर बार्ज (खनिज नेणारी मालवाहू होडी) लागण्याची वेळ, आजीने विहिरीत टाकलेली तुरटी असं निबंधात नसलेलं कितीतरी सांगितलं. एक विद्यार्थी मात्र परीक्षेचं कारण देऊन आला नाही. त्याच्या निबंधाला तिन्ही साधनांनी ‘मानवी’ म्हटलं होतं, आणि त्यात गावाचं, माणसाचं, वाटेचं एकही नाव नव्हतं.

निष्पत्ती

वहीतला मसुदा शब्दशः टाइप करून तोच प्रवेशिका म्हणून धरला आणि दोन्ही परीक्षकांनी नव्याने गुण दिले. एकांनी भाषेचे गुण वाढवले, दुसऱ्यांनी शुद्धलेखनाचे कापले. ती पहिल्यावरून दुसऱ्या क्रमांकावर आली. शिक्षिकेला हे खटकलं आणि त्यांनी तसं लेखी कळवलं. संस्थेने क्रमांक बदलला नाही, पण आळ निराधार होता असं पत्र हायर सेकंडरीला दिलं.

गैरहजर विद्यार्थ्याबद्दल काहीच सिद्ध झालं नाही. त्याचा निबंध आहे तसा तपासला गेला. आशयाला गुण कमी पडले आणि तो बक्षिसांत बसला नाही. साधनांचा कौल त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध वापरला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात महाग पडली ती पहिली संध्याकाळ. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकण्याऐवजी परीक्षकांनी कार्यवाहांना एकट्याला सांगितलं असतं, तर शिक्षिकेला फोन गेला नसता आणि वही शांतपणे मागता आली असती. शंका येणं चूक नव्हतं. अनुभवी शिक्षकाच्या कानाला घोटीवपणा जाणवला होता आणि तो खराही निघाला. पण त्या जाणिवेनंतरचा पहिला प्रश्न ‘कच्चा मसुदा आहे का?’ हा हवा होता.

युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा, ही अटच मुळात तपासायला हवी होती. ज्या मुलांकडे संगणक नाही त्यांना ती झेरॉक्सच्या दुकानात पाठवते, आणि तिथे मजकुराचं काय होतं यावर मुलांचा ताबा राहत नाही. पुढच्या वर्षीपासून संस्थेने हस्तलिखित पानांचे फोटो स्वीकारायचं ठरवलं. टाइप केलेला निबंध पाठवायचा असेल तर सोबत मसुद्याची पानं किंवा गुगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी ठेवायला सांगितलं. व्हर्जन हिस्टरीत निबंध तासन् तास वाढत गेलेला दिसतो की एका क्षणात चिकटवलेला, एवढं कळतं. चिकटवलेला दिसला म्हणून लगेच दोष धरायचा नाही, कारण पुष्कळजण मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून मग चिकटवतात.

नियमावलीत आता तीन गोष्टी लिहिल्या आहेत. माहिती शोधायला, शब्दाचं शुद्ध रूप पाहायला आणि बोलून टाइप करायला एआय चालेल. वाक्यं आणि परिच्छेद लिहून किंवा बदलून घेता येणार नाहीत. कोणती मदत घेतली ते शेवटी दोन ओळींत सांगायचं, आणि खरं सांगितल्याबद्दल गुण कापले जाणार नाहीत. पहिल्या सहांशी गप्पा हा निकालाचाच भाग आहे, तारीख आधी जाहीर करून.

एक मुद्दा अजून सुटलेला नाही. ‘बांय’ (विहीर), ‘तांबडं’, ‘वाड्यार’ (वाड्यावर) अशा बोलीतल्या शब्दांना शुद्धलेखनाच्या रकान्यात गुण कापायचे की भाषेच्या रकान्यात द्यायचे, यावर दोन्ही परीक्षकांचं एकमत नाही. गुणपत्रिकेत तो रकाना सध्या तसाच आहे, आणि तो तसा आहे तोवर मुलं आपला मजकूर कुणाकडून तरी घोटून घेतच राहतील.